मध्यरात्री सोनेगावला उतरणारी चार विमानं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आजोबा सांगायचे ती मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी चार विमानं कुठल्या कंपनीची होती? टपालाच्या विमानातून ते मद्रासला गेले होते, हे खरं असू शकतं का? आणि छोट्या विमान कंपन्या नागपुरात गाजावाजा करून येतात नि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा का होतात? तिन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलगच लिहितो.

आधी मी कोण ते सांगतो. विमानतळावर ३१ वर्षं काढली, बहुतेक सोनेगावलाच, ट्रॅफिक खात्यात. विमानात माणसं किती, सामान किती, टपाल किती, इंधन किती, ते कुठे ठेवलंय आणि त्यानं विमानाचा तोल कुठे जातो, याचा कागद करून कॅप्टनची सही घ्यायची, हे माझं काम. त्याला आम्ही लोडशीट म्हणतो. शेवटची काही वर्षं एका छोट्या प्रादेशिक कंपनीत स्टेशन मॅनेजर होतो. रात्रीच्या टपालाची विमानं मी स्वतः हाताळलेली नाहीत. मी नोकरीला लागलो तेव्हा ती बंद झाली होती. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सगळे त्या रात्रींतूनच तयार झालेले होते.

आता पहिला प्रश्न. ती विमानं एका कंपनीची नव्हतीच. २४ वर्षांत ती हातोहात फिरली.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सैन्याची डकोटा विमानं भारतात ढिगानं पडून होती. ती स्वस्तात विकायला निघाली आणि ज्याच्याकडे थोडं भांडवल होतं त्याला विमान कंपनी काढावीशी वाटू लागली. १९४६ मध्ये परवाने देणारं मंडळ स्थापन झालं आणि पाहता पाहता ११ कंपन्यांना परवाने मिळाले. देशात विमानानं फिरणारे प्रवासी तेव्हा इतके थोडे होते, की चार कंपन्यांचं पोट भरणंही कठीण. अंबिका, ज्युपिटर अशा काही कंपन्या पाच वर्षंही टिकल्या नाहीत. विमान स्वस्त मिळालं म्हणजे विमान कंपनी स्वस्तात चालते, हा गैरसमज तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे.

यातलीच एक डेक्कन एअरवेज. (२००३ मध्ये सुरू झालेली एअर डेक्कन वेगळी, दोन्हींचा काही संबंध नाही. लोक हमखास घोळ करतात.) डेक्कन एअरवेज १९४५ मध्ये हैदराबादला बेगमपेठ विमानतळावर उभी राहिली. भांडवल निजामाच्या सरकारी रेल्वेचं आणि टाटांचं. म्हणजे ज्या रेल्वेनं मराठवाड्यातली माणसं मनमाडला उतरायची, तिच्याच मालकीची ही विमान कंपनी. हैदराबादहून दिल्लीला निघालं की नागपूर वाटेतच पडतं, तेव्हा आपल्या शहराशी तिचं नातं साहजिक होतं. या कंपनीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्याचं एक कारण प्रेम माथुर. १९४७ मध्ये त्यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आणि एकामागून एक आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला. बाई विमान चालवणार म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, अशी भीती घातली गेली. त्यांना कामावर घेतलं ते डेक्कन एअरवेजनं. देशातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिकाला संधी दिली ती या छोट्या प्रादेशिक कंपनीनं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

टपालाची कल्पना मात्र कंपन्यांची नव्हती, सरकारची होती. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्या मनात होतं, की संध्याकाळी कलकत्त्यात टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटलं जावं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास ही चार शहरं. एकमेकांना थेट जोडायची तर मार्ग होतात सहा, आणि दोन्ही बाजूंनी मिळून रोजच्या फेऱ्या बारा. त्याऐवजी चारही ठिकाणांहून एकेक विमान रात्री निघालं, मधल्या एका गावी भेटलं, पिशव्यांची अदलाबदल केली आणि पहाटे आपापल्या घरी परतलं, तर चार विमानांत काम भागतं.

ते मधलं गाव म्हणजे नागपूर. देशाचा मध्य दाखवणाऱ्या झिरो माइलच्या दगडाचं आपल्याला कौतुक असतंच, पण वैमानिकाच्या नकाशावर त्याचा हिशेब असा: सोनेगावहून मुंबई सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९८०. डकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर धरा. मुंबईचं विमान अडीच तासांत येतं, कलकत्त्याचं साडेतीन. संध्याकाळची शेवटची टपालपेटी उघडून, पत्रं निवडून, पिशव्या बांधून विमान सोडायचं आणि सकाळच्या पोस्टमनच्या फेरीआधी परत पोचायचं, तर एका बाजूला चार तासांहून जास्त वेळ मिळतच नाही. या हिशेबात चपखल बसणारं दुसरं शहर भारतात नाही. शिवाय इथे धावपट्टी तयार होती. पहिल्या महायुद्धाच्या वेळचं हे विमानतळ, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं वाटेतला तळ म्हणून वापरलेलं.

३० जानेवारी १९४९ ला सेवा सुरू झाली. पहिली कंपनी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स. जे. आर. डी. टाटांचा या योजनेला विरोध होता. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी नाहीत आणि आर्थिक गणित बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. किडवई मागे हटले नाहीत. टाटांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही: पहिल्या कंपनीचा दम काही महिन्यांतच संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशननं काम उचललं आणि पुढे ते डेक्कन एअरवेजकडे आलं. तेव्हा तुमच्या आजोबांनी विमानावर कुठलं नाव पाहिलं असेल, हे त्यांनी कोणत्या वर्षी पाहिलं त्यावर अवलंबून आहे.

मधल्या काळात आणखी एक निर्णय झाला. १ एप्रिल १९४९ पासून देशातली साधी पत्रंही वेगळं हवाई शुल्क न घेता विमानानं जाऊ लागली. याचं महत्त्व लोडशीट करणाऱ्या माणसाला विचारा. एक टन वजन म्हणजे सामानासकट दहा-अकरा प्रवासी. दहा ग्रॅमचं पत्र धरलं तर तेच एक लाख पत्रं. दहा प्रवाशांपैकी तीन आयत्या वेळी येत नाहीत, दिवाळीनंतरच्या आठवड्यात पाच येत नाहीत. टपाल रोज येतं, आणि त्याचे पैसे पोस्ट खात्याकडून ठरल्या दरानं मिळतात. छोट्या कंपनीच्या हिशेबात एवढी एक ओळ पक्की असेल तर बाकीच्या ओळी वरखाली झालेल्या चालतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलं आहे. त्यावर येतोच.

त्या रात्री कशा असायच्या हे मी आमच्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडून ऐकलंय. मूळचे इथल्याच खामल्याचे, सायकलनं विमानतळावर यायचे. डकोटाला दोन इंजिनं, प्रत्येकात चौदा सिलिंडर गोलाकार मांडलेले. विमान तास-दोन तास उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच इंजिन सुरू केलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून स्टार्टर मारायच्या आधी दोघांनी पंख्याचं एकेक पातं धरून हातानं ओढायचं आणि पाती मोजत राहायचं. डिसेंबरच्या थंडीत तो धातू हाताला चावायचा. नवखा पोरगा जोर लावायला लागला की काका ओरडायचे, "हळू बे! अडकलं तर थांब, रेटू नको!" अडकणं म्हणजे आत तेल आहे, ही खूण. मग खालचा प्लग काढायचा, तेल वाहू द्यायचं, पुसून पुन्हा बसवायचा. तोवर बाकीची तीन विमानं वाट बघत.

टपालाच्या पिशव्या जाड कॅनव्हासच्या, तोंडाला सुतळी, शिक्का आणि शहराच्या नावाची चिठ्ठी. मुंबईच्या विमानातून आलेल्या पिशव्यांचे तीन ढीग व्हायचे: दिल्ली, कलकत्ता, मद्रास. तसंच बाकी तिघांचं. म्हणजे एका तासात बारा ढीग, चार विमानं आणि प्रत्येकाचा नवा तोल. डकोटाचं शेपूट जमिनीवर टेकलेलं असतं, त्यामुळे आतली जमीन चढाची. जड पिशव्या चढावर ओढत पुढे न्यायच्या आणि जाळीखाली बांधायच्या. मागेच टाकून दिल्या तर शेपूट जड होतं आणि विमान उचलताना वैमानिकाच्या हाताबाहेर जाऊ शकतं. मला लोडशीट शिकवणारे गृहस्थ पिशवी पायानं ढकलून वजन सांगायचे आणि काट्यावर किलोभरापेक्षा जास्त फरक पडायचा नाही.

या व्यवस्थेचं दुखणंही तिच्यातच होतं. चारपैकी एकाला उशीर झाला की चौघांना उशीर. जानेवारीत दिल्लीचं धुकं, जुलैत मुंबईचा पाऊस, चैत्र-वैशाखात कलकत्त्याची वादळं. दिल्लीसाठी किती वेळ थांबायचं आणि कधी उरलेल्या तिघांना सोडून द्यायचं, हे रात्री दीड वाजता ठरवायचं असे. थांबलात तर तीन शहरांची सकाळची टपालवाटप हुकते. सोडलंत तर दिल्लीच्या पिशव्या दिवसभर इथेच पडून राहतात. असे निर्णय घेतलेली माणसं पुढे कुठल्याही प्रसंगात गडबडत नसत, हे मी स्वतः पाहिलंय.

धोकाही खराच होता, पैशांचा आणि जिवाचाही. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीनं या सगळ्या कंपन्यांची तपासणी केली आणि निदान केलं, की कंपन्या फार आहेत आणि काम थोडं. पुढे १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्यानं आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. डेक्कन, हिमालयन, कलिंग, भारत सगळ्या त्यात विरघळल्या. १ ऑगस्ट १९५३ पासून रात्रीचं टपालही महामंडळाचं. आणि चारच महिन्यांनी, १२ डिसेंबरला, मद्रासला निघालेलं टपालाचं डकोटा सोनेगावहून उचलताच इंजिनाची ताकद जाऊन कोसळलं. दहा प्रवासी आणि चार कर्मचारी होते. एकटा वैमानिक वाचला. मृतांमध्ये कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. काका त्या प्रसंगाबद्दल विचारलं तरी बोलत नसत. पंख्याचं पातं हातात घेतल्यावर पोरांना जे ओरडायचे त्यामागे ती रात्र होती, असं मला नेहमी वाटत आलं.

तरीही सेवा चालू राहिली, ऑक्टोबर १९७३ पर्यंत. तोवर बोइंग ७३७ सारखी जेट विमानं आली होती. मुंबईचं टपाल थेट दोन तासांत दिल्लीला पोचत असेल तर ते नागपूरमार्गे न्यायचं कशाला? दुःख एवढंच, की त्याच १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस शहरी फेडएक्स सुरू झाली. देशभरातून विमानं रात्री एका मधल्या गावी येतात, पाकिटांची अदलाबदल होते, पहाटे परततात. नेमकी हीच पद्धत. आपण ती चोवीस वर्षं चालवून दाखवली होती. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या मालवाहतूक केंद्राच्या चर्चा ऐकतो तेव्हा वाटतं, की आराखडे करणाऱ्यांनी एकदा सोनेगावच्या त्या रात्रींचा हिशेब मांडून पाहावा.

आता तिसरा प्रश्न. छोटी कंपनी का टिकत नाही?

लोक म्हणतात, प्रवासी मिळत नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. मी ज्या छोट्या कंपनीचा स्टेशन मॅनेजर होतो तिचं विमान अठ्ठेचाळीस आसनांचं, दोन पंख्यांचं एटीआर. शेवटच्या महिन्यातही सकाळच्या फेरीला पस्तीस-चाळीस माणसं असायची. एके दिवशी सदतीस प्रवासी बसले होते, कागद तयार होता, आणि इंधनाची गाडी विमानाजवळ येऊन नुसती उभी राहिली. चालक खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पैसे जमा झाल्याशिवाय नळी लावू नका असा निरोप आहे." उधारी बंद झाली होती. मुख्यालयात कुणी फोन उचलेना. दोन तासांनी प्रवासी उतरवले. त्यात वर्ध्याचं एक जोडपं होतं, मुलाला इस्पितळात दाखवायला निघालेलं. त्यांना मी काय सांगितलं असेल? पगार तीन महिने थकलेला होताच, पण त्या सकाळची लाज अजून जात नाही.

सदतीस प्रवासी असूनही ही वेळ का यावी? विमानाचं भाडं डॉलरमध्ये, ते विमान उडो न उडो द्यावंच लागतं. रुपया घसरला की ते आपोआप वाढतं. इंधन जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा विक्रीकर. छोट्या विमानांना सवलती आहेत, नाही असं नाही: चाळीस टनांखालच्या विमानाला इंधनावर कमी कर, ऐंशीपेक्षा कमी आसनं असली तर उतरण्याचं शुल्क माफ. पण मोठ्या कंपनीचं एक विमान बिघडलं तर दुसरं येतं. आमच्याकडे दोनच विमानं. एक दुरुस्तीला गेलं की निम्मी मिळकत बंद आणि खर्च सगळा चालू. अशा वेळी तीन-चार महिने तग धरायला प्रवाशांच्या तिकिटांपलीकडची एखादी ठरलेली मिळकत लागते. डेक्कन एअरवेजकडे ती टपालाच्या रूपात होती. आमच्याकडे काहीच नव्हतं.

सरकारी कंपनी असली तरी हे गणित सुटत नाही. १९८१ मध्ये वायुदूत निघाली, आधी ईशान्य भारतासाठी. पुढे एकोणीस आसनी डॉर्नियर घेऊन देशभर छोटी गावं जोडत सुटली. प्रत्येक खासदाराला आपल्या गावी विमान हवं होतं, आणि रिकाम्या खुर्च्यांचे पैसे कुणी द्यायचे हे मात्र कुणी ठरवलं नाही. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

२०१६ च्या उडान योजनेनं हा प्रश्न पहिल्यांदा सरळ हाताळला, याचं मी स्वागतच करतो. ठरावीक आसनं ठरावीक दरात विकायची आणि जी तूट येईल ती सरकारनं भरायची. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर छोटा अधिभार लावला जातो. योजनेतल्या विमानतळांवर राज्यानं इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा. एका अर्थानं टपालाची जागा या भरपाईनं घेतली. पण भरपाईची मुदत तीन वर्षं. तुम्ही विचारता ना, दोन-तीन वर्षांतच का गायब होतात? बऱ्याचदा कारण हेच असतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं एटीआर सुरू झालं तेव्हा मला अतिशय आनंद झाला. ते भरून जातंय का एवढंच पाहू नका. भरपाईची मुदत संपेपर्यंत तिथे एखादा मोठा नियमित गिऱ्हाईक तयार होतो का, ते पाहा: कारखाना, विद्यापीठ, इस्पितळ किंवा मालवाहतूक.

राहिला तुमच्या आजोबांचा मद्रास प्रवास. तो अगदी शक्य आहे. टपालाच्या विमानांत प्रवासीही घेत असत, आणि नागपूरच्या माणसाला त्यात मोठीच सोय होती. मुंबई-कलकत्त्याचे प्रवासी मध्यरात्री पेंगत इथे उतरून विमान बदलत, आजोबा मात्र घरून जेवून वर्धा रोडनं निघाले असतील. डकोटाच्या मागच्या दारातून चढून, खुर्च्यांच्या पाठी धरत चढावरून आपल्या जागेपर्यंत गेले असतील आणि तीन-साडेतीन तासांनी, उजाडता उजाडता, मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर उतरले असतील. घरी जुन्या कागदांत तिकिटाचं पुस्तक सापडलं तर वरचं नाव बघा. इंडियन एअरलाइन्स असेल तर प्रवास ऑगस्ट १९५३ नंतरचा. डेक्कन किंवा हिमालयन असेल तर त्याआधीचा, आणि मग ते नीट प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवा.